बिनफुलाची गौर

आमच्या नागपूरच्या महालक्ष्म्या पितळी मुखवट्यांच्या. वर्षभर त्या कापसात गुंडाळून लोखंडी पेटीत झोपलेल्या असतात. भाद्रपदात बाहेर काढायच्या, चिंचेने घासायच्या, साड्या नेसवायच्या, की झाल्या उभ्या. पाऊस लवकर येवो, उशिरा येवो, की मुळीच न येवो, त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. हवामानाला इतका न जुमानणारा देव आपल्या वाट्याला आला हे केवढं भाग्य, ते मला यंदा कोल्हापूरला जाऊन आल्यावर कळलं.

तिकडची गौर तेरड्याची. तेरडा म्हणजे ओढ्याकाठी, बांधावर, कुणी न लावता उगवणारं कंबरेएवढं रोप, गुलाबी फुलांचं. ते मुळासकट उपटायचं, जुडी बांधायची, पाणवठ्यावर तिची पूजा करायची आणि घरच्या सुनेने किंवा लेकीने ती तांब्यातून घरात आणायची. तीच गौर. माझी लेक रेवती गेल्या वैशाखात कागलजवळच्या एका गावात सून होऊन गेली. तिची ही पहिली गौर, म्हणून मला विहीणबाईंचं आमंत्रण होतं. ते मी नम्रपणे टाळणार होते, पण रेवतीचा फोन आला.

"आई, ये तू. तेरड्याला फूल नाहीये, आणि ते माझ्यामुळे नाहीये म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. पोरगी शिकलेली, बँकेत नोकरीला, आणि आता एका अख्ख्या ओढ्याच्या फुलण्या-न फुलण्याची जबाबदारी तिच्यावर. मी तिकीट काढलं.

कागलकडे

एसीच्या डब्यात घोंगडी पांघरून कुडकुडत मी पृथ्वीच्या तापण्याविषयी एक लेख वाचला आणि फार हळहळले. समोरच्या बाईंनाही हळहळ वाटली. त्यांनी एसी आणखी वाढवायला सांगितला.

कोल्हापूरला जावई संग्राम गाडी घेऊन आला होता. भाद्रपदाची सकाळ, पण ऊन असं की डोक्यावर पदर घेतला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, उसामागे ऊस, आणि मध्येमध्ये गणेश मंडळांचे फलक. त्यांच्यावर गणपती कोपऱ्यात आणि मंडळाचे आधारस्तंभ मधोमध.

घरी गेल्यावर रेवती धावत आली. "आई, तू बस, मी पाणी घेऊन येतो," म्हणाली. मी चमकले. मग आठवलं की इकडच्या बायका 'येतो-जातो'च म्हणतात. चार महिन्यांत पोरगी भाषा बदलून बसली होती. ज्या घरासाठी तिने एवढं केलं, त्या घरातली माणसं तिला काय म्हणून राहिली आहेत, हे आता मला बघायचं होतं.

विहीणबाईंना गावात सगळे आक्का म्हणतात. उंच, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला पोटभर जेवू घातलं: शेपूची भाजी, ज्वारीची भाकरी, अळूवडी, ताकातली आंबील. पुन्हा पुन्हा "घ्या की" म्हणाल्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आशेवर मी आले होते, तो सणामुळे हुकला. तेरड्याचा विषय मात्र त्यांनी काढलाच नाही. तो काढला त्यांच्या चुलत जावेने, सिंधूकाकींनी. त्या शेजारच्याच घरात राहतात, आणि जेवणाच्या वासावर बरोबर आल्या.

काकींचं म्हणणं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. लग्न झालं त्याच आठवड्यात पाऊस आला. लग्नाचा मांडव उडाला होता, ते मलाही आठवत होतं, माझी एक पैठणी त्यात गेली. वैशाखात एवढा पाऊस गावाने पाहिला नव्हता. तेव्हा याच काकींनी रेवतीची दृष्ट काढली होती, कारण सून पाऊस घेऊन आली, केवढा चांगला पायगुण. त्या पावसावर ओढ्याचा तेरडा भलत्या वेळी उगवला, आषाढातच फुलला, श्रावणात रखरखीत ऊन पडलं आणि गौरीच्या तोंडावर नुसत्या शेंगा उरल्या. आता तोच पायगुण वाईट झाला होता.

"आमच्या घराण्यात बिनफुलाची गौर उंबऱ्याच्या आत आली न्हाय कधी," काकी मला समजावत म्हणाल्या. "तुमच्या लेकीला मी काय वाईट म्हणंना. पायगुण काय कुणाच्या हातात असतोय व्हय?"

मी आक्कांकडे पाहिलं. त्या ताटं उचलत होत्या. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्या क्षणी मला काकींपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. रेवती मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

संध्याकाळी ओढ्यावर गेलो. तेरडा होता, रान माजावं तसा होता, पण पानं पिवळी पडलेली आणि देठादेठाला फुगलेल्या हिरव्या शेंगा. मी एकीला बोट लावलं तर ती फटकन फुटली आणि बिया माझ्या चष्म्यावर आल्या. रेवती कितीतरी वेळाने हसली. ओढ्याकाठच्या आंब्याला भाद्रपदात मोहोर आला होता. बेडूक एरवी कान किटवतात म्हणे, ते गप्प होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रामबरोबर दूध डेअरीवर गेले. तिथे कॅन घेऊन उभ्या असलेल्या मंडळींनी तेरड्याचा प्रश्न आधीच निकालात काढला होता. एकाच्या मते हा मोबाइलच्या टॉवरचा प्रताप. दुसऱ्याच्या मते पंचांगवाल्यांचाच हिशेब चुकला, गौर यंदा आषाढातच होती. तिसऱ्याला ती कर्नाटकवाल्यांची काहीतरी चाल वाटत होती. मी भीतभीत म्हटलं की सगळीकडेच हवा तापून राहिली आहे, ऋतू सरकले आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. "व्हय की, लई तापलंय," एक जण म्हणाला, आणि हवा तापवणाऱ्या सगळ्या गोष्टींबद्दल बोलू लागला: मुंबईच्या गाड्या, दिल्लीचा धूर, अमेरिकेचे कारखाने. ऊस तुटला की आपल्याच शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर त्या यादीत नव्हता. तसा माझा एसीचा डबाही नव्हता, म्हणून मीही गप्प बसले.

राजारामपुरीत फुलं शोधताना

गौरीला अजून एक दिवस होता. फूल मिळालं तर काकींचं तोंड बंद होईल, एवढा साधा विचार करून मी रेवती आणि संग्रामला घेऊन कोल्हापूर गाठलं. राजारामपुरीत रस्ते पाटीवर रेघा ओढल्यासारखे सरळ आहेत. प्रत्येक रेघेवर एक दवाखाना, एक शिकवणी आणि सणाची एक गर्दी. तिथे कोपऱ्यावर दस्तगीरभाई बागवान गौरीची फुलं विकत बसले होते. संग्रामच्या घरी पिढ्यान् पिढ्या फुलं त्यांच्याकडूनच येतात.

"या पावणं," म्हणून त्यांनी मला स्टूल दिलं आणि आधी प्लास्टिकचा तेरडा दाखवला. अगदी हुबेहूब होता, खऱ्यापेक्षा जास्त गुलाबी. "पाण्यात धुवा, ठेवा, फुडच्या वर्सी काढा. ऊन न्हाय, पाऊस न्हाय," ते म्हणाले. मला आमच्या पेटीतल्या महालक्ष्म्या आठवल्या आणि मी जरा ओशाळले. रेवतीने ठाम नकार दिला.

मग नर्सरीतून आणलेला तेरडा निघाला, गुलाबासारख्या दुहेरी पाकळ्यांचा, कुंडीतला. रेवतीने तो आक्कांना फोनवर दाखवला. "ही गौर न्हवं, ही वरातीतली कलवरी हाय," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी दस्तगीरभाईंनी इकडे तिकडे बघत पोत्याखालून एक जुडी काढली. खरा तेरडा, आणि त्याला खरी फुलं. माझा आनंद गगनात मावेना. मी हात लावला तर एक फूल माझ्या बोटात आलं आणि त्याच्या मागे टूथपिकचा तुकडा. ते सदाफुलीचं फूल होतं. प्रत्येक देठाला एकेक सदाफुली टोचलेली होती, अगदी मन लावून. मी रागाने त्यांच्याकडे पाहिलं.

"दोनीबी गुलाबीच की," ते शांतपणे म्हणाले. मग पोतं सारखं करत म्हणाले, "सकाळधरनं बाया येत्यात, हात हालवत जात्यात. सणाला कुणाला नको म्हनायला बरं वाटंना. म्हनून रात्री बसून टोचली."

फसवणुकीचं इतकं प्रेमळ कारण मी पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडची शेवंती घेऊन आम्ही निघालो. त्यांनीच सांगितलं की पन्हाळ्यापलीकडच्या पठारावर थंडावा असतो, तिथे अजून फूल असेल.

पठारावर

पठाराच्या पायथ्यापासूनच निसर्गप्रेमींच्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्या गाड्यांच्या काचा बंद, इंजिनं चालू. आमचीही. संग्राम म्हणाला, मम्मी, बंद केली तर शिजून जाऊ. तसं ते खरंच होतं.

वर मोठी कमान होती. 'निसर्ग वाचवा' असं तिच्यावर लिहिलेलं, आणि ती अख्खी कमान प्लास्टिकच्या फ्लेक्सची. गाड्या लावायला पठाराचा एक तुकडा मुरूम टाकून सपाट केलेला. तिथे पूर्वी काय उगवत होतं ते विचारायला मी गेले, तर पावती फाडणारा तरुण म्हणाला, "फुलंच की, काकी." त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. फुलं बघायला आलेल्यांच्या गाड्या फुलांवर नाही तर कुठे लावायच्या?

पठारावर वाळकं गवत होतं. कुठेतरी एखादं पांढरं टिकलीएवढं फूल, त्याच्याभोवती दहा मोबाइल. फुलांचा हंगाम होऊन गेला होता, की पाणी तुटल्याने आलाच नव्हता, यावर आयोजकांमध्ये एकमत नव्हतं. पण त्यांनी सोय केली होती. मधोमध फुलांच्या गालिच्याचा भला मोठा फ्लेक्स उभा केला होता, आणि लोक रांगेत उभं राहून त्याच्यासमोर फोटो काढत होते. खरं पठार त्यांच्या पाठीमागेसुद्धा नव्हतं, फ्लेक्सच्या पाठीमागे होतं. एक आजोबा नातवाला "बघ, निसर्ग बघ" म्हणून त्या फ्लेक्सकडे बोट दाखवत होते. जेवणाला 'रानमेवा थाळी' होती. तिच्यात मक्याचे दाणे होते, बर्फ पूर्ण न वितळलेले.

मी चिडून कड्याच्या बाजूला चालू लागले आणि मुरुमावरून घसरून सरळ बसले. हात धरून उठवायला रेवती धावली, आणि तिथूनच तिला खाली कपारीत ओलावा दिसला. झरा म्हणावा एवढं पाणी नव्हतं, खडक नुसता पाझरत होता. पण त्याच्या सावलीत तेरडा होता, उंच, हिरवा, आणि त्याला फुलं होती. रेवती खाली उतरली. तिने एकेक रोप मुळासकट, माती न झाडता काढलं. तिथला सगळा तेरडा तिने घेतला नाही. "अर्धा राहू दे," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा मी एवढा आनंद पाहिला नव्हता. एका फुलापायी पोरगी किती धसका घेऊन बसली होती.

रोपं बादलीत ठेवून आम्ही निघालो आणि कोल्हापुरात एका मंडळाच्या मिरवणुकीत अडकलो. पुढे ढोल, मागे ट्रक, वर ऊन. गाडी तापली, एसी दम तोडू लागला. रेवती बादली मांडीत घेऊन बसली होती. पहिलं फूल गळलं तेव्हा तिने ते उचलून पुन्हा देठावर धरलं, जसं काही ते चिकटेल. मग दुसरं गळलं. घरी पोहोचेपर्यंत गाडीत खाली गुलाबी पाकळ्यांचा सडा पडला होता आणि बादलीत शेंगा. फुलं मिळाल्याचा फोन संग्रामने आधीच घरी केला होता, त्यामुळे दारात काकी हजर होत्या.

त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. "बघा," एवढंच म्हणाल्या.

पाणवठा ते उंबरा

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या बायका नटूनथटून ओढ्यावर निघाल्या. काकींनी रात्रीच तोडगा सुचवला होता: ओढ्यातले पाच खडे आणायचे, खड्याची गौर करायची. पण पहिल्याच वर्षी नव्या सुनेने खडे आणले तर पोटचंही तसंच दगड होतं, असंही त्याच म्हणाल्या. म्हणजे फूल नसलं तरी दोष रेवतीचा, आणि खडे आणले तरी तिचाच. आक्का हे सगळं ऐकून नुसतं "बघू सकाळी" म्हणाल्या. सकाळी त्यांनी शेंगांच्या तेरड्याचीच जुडी बांधून रेवतीच्या हातात दिली. का, ते सांगितलं नाही.

ओढ्यावर पूजा झाली. कुणाकडेच फूल नव्हतं. कुणी शेवंती खोचली होती, कुणी प्लास्टिक. एक-दोन जुड्यांवर मला सदाफुली ओळखू आली, पण मी दस्तगीरभाईंचं नाव काढलं नाही. इथली रीत अशी की गौर घेऊन येणारीने उंबरा येईपर्यंत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. काकींना ती रीत फार सोयीची पडली. सगळ्या वाटेने त्या शेजारणींना ऐकू जाईल असं बोलत राहिल्या: पाऊस कसा आला, फूल कसं गेलं, घराण्यात असं कधी कसं झालं नव्हतं. रेवती तांब्या छातीशी धरून, ओठ मिटून चालत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मी मागून चालत होते, आणि मला बोलायला कोणत्याही रीतीने अडवलेलं नव्हतं, पण मुलीची आई म्हणून जीभ चावून गप्प बसले. माझा नुसता तिळपापड झाला होता.

आक्का उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. इथे घरातल्या बाईने विचारायचं असतं, गौर कशाच्या पावलानं आली, आणि आणणारीने सांगायचं, सोन्याच्या पावलानं. आक्कांनी रेवतीच्या पायांवर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या विचारणार एवढ्यात काकी मध्ये पडल्या.

"आक्का, इचार कर. बिनफुलाची गौर आत घेतीयास."

आक्कांनी निरांजनाचं ताट खाली केलं. अंगणात सगळ्या बायका होत्या.

"सिंधू, वैशाखात पाऊस आला तवा कुणाच्या पायगुणानं आला म्हनली हुतीस?"

"हिच्याच की."

"त्या पावसानं तुझा ऊस तरला. तवा मागारी दिलास का कुणाला?"

काकींनी पदर सारखा केला.

"पावसाचं तेवढं पदरात घ्यायचं आनि फुलाचं खापर पोरीच्या डोक्यावर फोडायचं. ऊन काय आमच्या एकट्याच्या ओढ्यावर पडलंय व्हय? समद्या गावाच्या जुड्या बघ. एवढ्या घरांत कुठं नवी सून आली?"

बायकांनी आपापल्या जुड्यांकडे पाहिलं. कुणीतरी प्लास्टिकचा तेरडा पदराखाली घेतला.

मग आक्का रेवतीकडे वळल्या आणि काहीच झालं नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "गौर कशाच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली," रेवती म्हणाली. तिचा आवाज अंगणभर नीट ऐकू आला.

आक्का ओवाळू लागल्या. निरांजन जुडीजवळ गेलं, आणि धग लागून म्हणा की ताटाचा धक्का लागून, एक शेंग फटकन फुटली. मग दुसरी, मग सगळ्याच. बिया आक्कांच्या कपाळावर, ताटातल्या कुंकवात, काकींच्या नव्या साडीवर उडाल्या. एक माझ्या गालाला लागली. क्षणभर सगळ्या दचकल्या आणि मग सगळ्यात आधी आक्काच हसल्या. संध्याकाळी केरसुणी घेतलेल्या रेवतीला त्यांनी थांबवलं. बिया एकेक वेचून परडीत ठेवायला लावल्या, ओढ्यावर परत टाकायला.

मी निघताना आक्कांना म्हटलं की परवा तुम्ही गप्प राहिलात तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. त्यांनी मान डोलावली. चार भिंतींत बोलले असते तर सिंधूने ते घरातच पुरलं असतं, म्हणाल्या, म्हणून अंगण भरायची वाट बघितली.

नागपूर

घरी आल्यावर सणाला नेसलेल्या पैठणीच्या निऱ्यांतून तीन-चार बिया पडल्या. तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत टाकल्या आणि विसरले. पौषात त्यांना फूल आलं. थंडीत, जेव्हा तेरड्याने उगवायचंही नाव घ्यायचं नसतं, तेव्हा आमच्या बाल्कनीत गुलाबी तेरडा डुलत होता. मी फोटो पाठवला. लगेच फोन आला, पण बोलल्या आक्का.

"इहीनबाई, तुमच्यात कुणाच्या पायगुणानं फुललं?"

"आमच्याकडे सून नाही हो अजून."

"मग तुमच्याच की," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी खूप हसलो. रेवतीचंही हसणं मागून ऐकू आलं. मग आक्कांनी ओढ्याचं सांगितलं. ओढ्यावर परत टाकलेलं बी दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसात सगळं एकदम उगवलं होतं, आणि मागोमाग पडलेल्या उन्हाने सगळं करपून गेलं होतं. ओढ्याकाठी आता काही नव्हतं.

"बी तेवढं राखून ठेवा," त्या म्हणाल्या. "येताना घिऊन या."

शेंगा फुटायच्या आत मी त्यांच्यावर जुनी मलमल बांधली. आता पेटीत पितळी मुखवट्यांच्या शेजारी, त्याच कापसात गुंडाळून, एक छोटी पुडी ठेवली आहे.